प्रश्नोत्तरे : पहिल्या वर्षाचे सेंद्रिय रसायनशास्त्र

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होऊन महिना उलटला की या सदराकडे सेंद्रिय रसायनशास्त्राविषयी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडच्या ‘ऑरगॅनिक’विषयी, पत्रे येऊ लागतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते की पाठ केले तरी राहत नाही. त्याच त्या शंका दरवर्षी येत असल्यामुळे या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

बारावीला मी ऑरगॅनिक ‘ऑप्शनला’ टाकले होते. आता निभाव लागेल का? (विद्यार्थिनी, कोथरूड)

लागेल, पण त्यासाठी बारावीच्याही मागे, अकरावीच्या पुस्तकापर्यंत जावे लागेल. हायब्रिडायझेशन, इंडक्टिव्ह परिणाम, रेझोनन्स आणि आम्लांची तीव्रता एवढे पक्के करा. पीकेए म्हणजे आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा; तो जितका लहान, तितके आम्ल तीव्र. ॲसेटिक आम्लाचा पीकेए सुमारे ४.७६, फिनॉलचा सुमारे १० आणि इथॅनॉलचा सुमारे १६ असतो. प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋणभार कोठे आणि किती विभागला जातो, यावरून हा फरक पडतो. एवढे उमगले की फिनॉल सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळते, पण बायकार्बोनेटमधून बुडबुडे का काढत नाही, हे पाठ न करताही सांगता येते. आपले नेमके काय राहिले आहे, ते शिक्षकांना आत्ताच दाखवा; सत्र संपताना दाखवून उपयोग नाही.

आयुपॅक नावे पाठ करावीत का? (विद्यार्थी, चिंचवड)

नाही, संयुगांची ही नावे ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरतात ते नियम शिका.

मुलीने हा विषय घेतला आहे. ‘सेंद्रिय’ रसायने निर्धोक असतात, असे सोसायटीच्या गटावर वाचले. खरे आहे का? (पालक, सिंहगड रस्ता)

अजिबात नाही. बाजारातल्या सेंद्रिय गुळाचा आणि या विषयाचा संबंध केवळ नावापुरता आहे. येथे ‘सेंद्रिय’ म्हणजे कार्बनची संयुगे. सेंद्रिय शेतीत ज्याला मज्जाव आहे तो युरिया रसायनशास्त्राच्या लेखी सेंद्रियच आहे, आणि १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून तोच बनवला, तेव्हा असे पदार्थ सजीवांच्या देहाबाहेर तयार होऊच शकत नाहीत या समजुतीला तडा गेला. मुलीला पुस्तकात भेटणारे बेंझीनही सेंद्रियच आहे आणि ते कर्करोगकारक आहे. गटावरचे संदेश वाचून प्रयोगशाळेतील सुरक्षिततेविषयी मत बनवू नये. तिच्या विभागात जाऊन विचारावे.

अभिक्रियांचा तक्ता भिंतीवर लावून पाठ केला आहे. तरी प्रश्न थोडा फिरवला की मी अडतो. असे का होते? (विद्यार्थी, हडपसर)

तक्त्यामुळेच होते. ‘अल्काइल हॅलाइड अधिक हायड्रॉक्साइड, उत्तर अल्कोहोल’ अशी ओळ तुम्ही पाठ करता. ब्रोमोइथेन आणि पाण्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइड आले की ती ओळ खरी ठरते, इथॅनॉल मिळते आणि तुमचा तक्त्यावरचा विश्वास वाढतो. मग परीक्षक ब्रोमोइथेनच्या जागी २-ब्रोमो-२-मिथाइलप्रोपेन आणि पाण्याच्या जागी अल्कोहोल लिहितो, आणि उत्तरपत्रिकांमागून उत्तरपत्रिकांत मला पुन्हा अल्कोहोलच लिहिलेले दिसते. ब्रोमीन ज्याला जोडलेला आहे त्या कार्बनभोवती तीन मिथाइल गट दाटीवाटीने उभे असताना हायड्रॉक्साइडने त्याच्या पाठीमागून शिरायचे कोठून, हा प्रश्न कोणालाच पडत नाही. तो शिरत नाही. तो शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन उचलतो, त्या कार्बन-हायड्रोजन बंधातील इलेक्ट्रॉनांची जोडी दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध म्हणून बसते आणि ब्रोमीन आपली जोडी घेऊन बाहेर पडतो. उत्तर अल्कीन आहे.

हे सगळे वाक्यांत सांगण्याऐवजी तीन वक्र बाणांत दाखवता येते. बाणांची ही पद्धत इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२२ मध्ये मांडली, आणि शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे ते आकृतीची सजावट असल्यासारखे उत्तर लिहून झाल्यावर काढले जातात. बाणाची शेपटी इलेक्ट्रॉनांच्या जोडीवर असते आणि टोक ती जोडी जेथे जाणार तेथे असते. हायड्रोजन आयनाकडे देण्यासारखा एकही इलेक्ट्रॉन नसताना त्याच्यापासून बाण काढणे म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर उलट्या दिशेने दुचाकी घालणे आहे. फरक इतकाच की तेथे पोलीस अडवतो आणि वहीत कोणी अडवत नाही. प्रत्येक बाणानंतर कार्बनचे बंध मोजा. पाच झाले तर बाण चुकला आहे, पुढे जाऊ नका.

तक्ता भिंतीवरून काढा. रोज तीनच अभिक्रिया घ्या, उत्पादित झाकून ठेवा, पेन्सिलीने बाण काढा आणि मगच झाकलेले उघडा. आठवड्याची वही घेऊन शिक्षकांकडे जा, कारण आपला चुकलेला बाण आपल्याला बरोबरच दिसत असतो.

‘पंधरा दिवसांत संपूर्ण ऑरगॅनिक’ अशी जाहिरात पाहिली. मुलाचे नाव घालावे का? शुल्क आज भरल्यास सवलत आहे. (पालक, पिंपरी)

शुल्क आजच भरायला लावणारी सवलत तुमच्या मुलासाठी नसते. असल्या ठिकाणी बहुधा वर सांगितलेला तक्ताच प्लॅस्टिकमध्ये घालून ‘खास नोट्स’ म्हणून देतात. एखाद्याला शिकवणीची खरोखर गरज असू शकते, हे मी नाकारत नाही. मात्र आधी महाविद्यालयातील शिक्षकांना भेटा, मुलाचे कोठे अडते ते विचारा आणि छापील अभ्यासक्रम समोर ठेवून क्लासवाल्यांना प्रश्न करा. पुस्तकांपुरतेच म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात मिळणारी जुनी आवृत्तीही पहिल्या वर्षाला पुरते.

मॉडेल किट घेणे आवश्यक आहे का? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

रेणूंच्या प्रतिकृती जोडण्याचे किट नसले तरी चालेल, रेणू हाताळणे मात्र आवश्यक आहे. भिजवलेले हरभरे आणि दातकोरण्या घ्या, एका हरभऱ्याला चार वेगळ्या रंगांचे हरभरे जोडा आणि त्याचे आरशातील प्रतिबिंबही तयार करा. दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसवण्याचा प्रयत्न फसला की कायरॅलिटी, म्हणजे रेणू आणि त्याचे प्रतिबिंब यांचे एकमेकांवर न बसणे, समजली. हा फरक नाकालाही कळतो: कार्व्होनच्या एका रूपाला पुदिन्याच्या एका जातीचा वास येतो, आणि त्याच्या प्रतिबिंबाला कॅरावेच्या, म्हणजे शहाजिऱ्याच्या वळणाच्या दाण्यांचा. अशा दोन रूपांपैकी आर कोणते आणि एस कोणते हे ठरवताना गोंधळ झाला तर हरभऱ्यांसह शिक्षकांकडे जा, ते हसणार नाहीत.

मला दमा आहे. प्रॅक्टिकलला अज्ञात पदार्थ वासावरून ओळखता येतो, असे सीनियर सांगतात. मी काय करावे? (विद्यार्थी, वारजे)

सीनियरांचे ऐकू नका. परीक्षानळी नाकाशी नेऊन पदार्थ ओळखणे ही कला नाही, निष्काळजीपणा आहे, आणि तुमच्या बाबतीत ती दमा उसळण्याची जोखीमही आहे. पदार्थ ओळखण्याचा मार्ग ठरलेला आहे. विद्राव्यतेवरून प्रकार, सोडियमबरोबर तापवून मूलद्रव्ये, मग क्रियाशील गटाची चाचणी आणि शेवटी द्रवणांक. बेंझोइक आम्ल १२२ अंशांना वितळते आणि सॅलिसिलिक आम्ल सुमारे १५९ अंशांना; तेथे नाकाचे काम नाही. तुमच्या डॉक्टरांचा लेखी सल्ला पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी विभागप्रमुखांना द्या, धुराड्याखालची (फ्यूम हूडखालची) जागा मागा आणि इन्हेलर खिशात ठेवा. तो बॅगेत आणि बॅग बाहेरच्या कट्ट्यावर, असे नको.

एटीकेटी आहे, परीक्षा दहा दिवसांवर आली आहे. कोणते प्रश्न ‘इम्पॉर्टंट’ आहेत? (विद्यार्थी, शिवाजीनगर)

मी अशी यादी देत नाही. पत्र दोन महिन्यांपूर्वी आले असते तर उत्तर मोठे झाले असते. आता मागील प्रश्नपत्रिका घ्या, अभ्यासक्रम बदललेला नाही ना याची महाविद्यालयात खात्री करा, मेकॅनिझमचे, म्हणजे अभिक्रिया बाणांनी दाखवण्याचे, प्रश्न आधी सोडवा आणि उद्या सकाळीच शिक्षकांना गाठा.