नऊ वर्षांच्या मुलाला त्सुनामीचा चित्रपट दाखवावा का?

प्रश्न : आमची मुलगी चौदा वर्षांची आहे आणि मुलगा नऊ वर्षांचा. शाळेत त्सुनामीविषयी शिकवल्यापासून ‘द इम्पॉसिबल’ हा चित्रपट सगळ्यांनी मिळून घरी पाहावा, असा मुलीने हट्ट धरला आहे. आमचे घर समुद्रापासून जवळ आहे आणि धाकटा रोज संध्याकाळी पुळणीवर खेळायला जातो. इमारती कोसळण्याचे, शहरे बुडण्याचे चित्रपट त्याने न घाबरता पाहिले आहेत. मग हा दाखवायला हरकत आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुलीबरोबर जरूर पाहा. मुलासाठी मात्र अजून दोन-तीन वर्षे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहरे बुडण्याच्या चित्रपटांत माणसे दुरून, मुंग्यांसारखी दिसतात आणि कोणाच्या अंगातून रक्त येताना फारसे दिसत नाही, त्यामुळे मुले तो सगळा गोंधळ खेळासारखा पाहतात. हा चित्रपट २६ डिसेंबर २००४ रोजी थायलंडमधील खाओ लाक येथे लाटेत सापडलेल्या एका खऱ्या कुटुंबाच्या अनुभवावर आधारलेला आहे, आणि कॅमेरा त्या कुटुंबाला सोडून फारसा कुठे जात नाही. पाणी ओसरू लागल्यावर थोरला मुलगा आईच्या मागून चालत असतो. तिच्या पायाचे मांस फाटून लोंबते आहे हे त्याला दिसते आणि तो तोंड फिरवतो. ‘तुला असे मला पाहवत नाही,’ असे तो तिला सांगतो. लाटेच्या प्रसंगापेक्षा हाच क्षण लहान मुलांच्या मनात जास्त काळ घर करील, असे मला वाटते, कारण आईच असहाय झाली तर आपले काय, ही त्या वयातली सर्वांत मोठी भीती असते. पुढे वडील आई आणि थोरल्याच्या शोधात मागे राहतात आणि दोन्ही धाकट्यांना अनोळखी माणसांबरोबर पुढे पाठवतात. तुमचा मुलगा साधारण त्यांच्याच वयाचा आहे, हे विसरू नका.

अमेरिकेत या चित्रपटाला पीजी-१३, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांना सावध करणारे, प्रमाणपत्र मिळाले होते. आपल्याकडेही २०२४च्या नियमांनुसार ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत, ही सोय चांगली आहे, पण तुमचे मूल रोज समुद्रावर जाते, हे प्रमाणपत्र देणाऱ्याला ठाऊक नसते. ते तुम्हालाच पाहायचे आहे.

एवढे करूनही धाकटा ताईशेजारी येऊन बसलाच, तर त्याला हाकलू नका. चित्रपट दिवसा लावा आणि पाचही जण शेवटी वाचतात हे त्याला आधीच सांगून टाका. शेवट कळल्याने रंगत जाईल, याची इथे पर्वा करू नये. मूल भीती बोलून दाखवतेच असे नाही. तो सारखा पाणी प्यायला उठू लागला किंवा भलत्या ठिकाणी हसू लागला, तर तिथेच थांबवा.

नंतर तो विचारील, आपल्याकडे अशी लाट येईल का? ‘छे, कधीच नाही’ असे सांगू नका. १९४५ साली आताच्या पाकिस्तानातील मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपानंतर त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती. अशी घटना आपल्या किनाऱ्यावर फार क्वचित घडते, आणि २००४ साली हिंदी महासागरात नसलेली इशारा देणारी यंत्रणा आता हैदराबादच्या केंद्रातून चालते, हे त्याला समजावून सांगा. त्याबरोबर टिली स्मिथची हकिकतही सांगा. दहा वर्षांची ही ब्रिटिश मुलगी चित्रपटातली लाट आली त्याच दिवशी थायलंडमधल्याच फुकेतच्या किनाऱ्यावर होती. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला शिकलेली लक्षणे, समुद्राला आलेला विचित्र फेस, तिने ओळखली, आईवडिलांच्या मागे लागून तिने इशारा द्यायला लावला आणि लाट येण्याआधी तो किनारा रिकामा झाला. चित्रपटात न मिळणारी एक गोष्ट या हकिकतीत आहे: अशा वेळी मुलालाही काही करता येते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्याबरोबर तुम्हीही पुळणीवर जा. जमीन जोराने हादरली किंवा पाणी एकाएकी खूप मागे हटले, तर शिंपले वेचत न थांबता कोणत्या वाटेने चढावर धावायचे, ते त्याला प्रत्यक्ष चालून दाखवा.