धर्माची टिंगल करणाऱ्या नाटकाला श्रद्धाळूंनी कसं उत्तर द्यावं?

मॉर्मन चर्च या अमेरिकेत उगम पावलेल्या धर्मपंथाने दिलं तसं. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 'द बुक ऑफ मॉर्मन' हे संगीत नाटक आलं. त्यांच्या धर्मग्रंथाचंच नाव घेऊन त्यांची यथेच्छ खिल्ली, तीही शिवराळ भाषेत. चर्चने एक छोटं निवेदन काढलं आणि पुढे चक्क नाटकाच्याच माहितीपुस्तिकेत जाहिराती दिल्या: नाटक पाहिलंत, आता ग्रंथ वाचा! (हा हजरजबाबीपणा मला तरी भलताच आवडला.)

राग आला तर बोलावं, लिहावं, बहिष्कारही घालावा. तोही अभिव्यक्तीचाच हक्क. तोडफोड मात्र नाही. आणि भारतात पोलिसांकडे जाणार असाल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ला नुसती दुखावलेली भावना पुरत नाही. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो.