एका सर्व्हरवर किती व्हर्च्युअल मशीन चालतील?

प्रश्न : इंदूरमधील एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक विभागाचे काम मी पाहतो. आमच्याकडे १४ जुने सर्व्हर आहेत आणि ते सर्व एका नव्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या स्वतंत्र आभासी संगणकांच्या रूपात न्यावेत, असा संचालक मंडळाचा विचार आहे. पुरवठादाराने दिलेल्या दरपत्रकात प्रत्येकी १६ कोअरचे दोन प्रोसेसर, २५६ जीबी रॅम आणि ७२०० फेऱ्यांच्या आठ हार्ड डिस्क रेड ५ पद्धतीने (एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकावी अशा रीतीने) जोडून, अशी मांडणी आहे. त्यावर ६० व्हर्च्युअल मशीन आरामात चालतील, असे ते सांगतात. आमच्या नोंदींप्रमाणे डेटाबेसच्या सर्व्हरला ६४ जीबी रॅम लागते आणि गर्दीच्या वेळी तो डिस्कवर सेकंदाला सुमारे १५० वेळा वाचन-लेखन करतो. उरलेल्या १३ सर्व्हरना प्रत्येकी सरासरी ६ जीबी रॅम आणि सेकंदाला १५ वाचन-लेखने पुरतात. एकूण कामात वाचन ७० टक्के आणि लेखन ३० टक्के आहे. ६० हा आकडा खरा मानावा काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मानू नये. आपण नोंदी जोडल्यात म्हणून नेमके उत्तर देता येते. बहुतेक पत्रांत फक्त सर्व्हरचे वर्णन असते आणि त्यावरून कोणीही प्रामाणिक आकडा सांगू शकत नाही.

६० हा आकडा कुठून आला असावा, ते आधी पाहू. २५६ जीबीपैकी हायपरवायझरसाठी, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, १६ जीबी बाजूला ठेवली की २४० उरतात आणि प्रत्येक यंत्राला ४ जीबी धरून त्यांना ४ ने भागले की ६० येतात. भागाकार बरोबर आहे, पण त्यात आपला डेटाबेस नाही आणि डिस्क तर मुळीच नाही. सर्व्हरवरील प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि नेटवर्क यांपैकी जे सर्वांत आधी संपते, तेच यंत्रांची संख्या ठरवते. बाकीचे कितीही शिल्लक असले तरी त्याचा उपयोग होत नाही.

आपल्या बाबतीत आधी संपते ती डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीसाठी ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी ४.२, त्यात वाचणारा दांडा जागेवर सरकण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले की एक विखुरलेले वाचन बारा-तेरा मिलिसेकंदांचे होते. म्हणून अशी एक डिस्क सेकंदाला ७५ ते ८० कामांपलीकडे जात नाही आणि आठ डिस्क मिळून ६०० धरणे योग्य ठरते. रेड ५ मध्ये प्रत्येक लहान लेखनामागे जुना मजकूर व जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कवरील माहिती पुन्हा मिळवण्यासाठी ठेवलेली पडताळणीची नोंद) वाचणे आणि दोन्ही नव्याने लिहिणे, अशी चार कामे होतात. आपल्या ७०:३० च्या प्रमाणात एका मागणीमागे सरासरी १.९ कामे पडतात, म्हणजे ६०० मधून हाती उरतात सुमारे ३१५. आपली आजची गरज मात्र १५० अधिक १३ गुणिले १५, म्हणजे ३४५ आहे. ज्या सर्व्हरवर ६० यंत्रे सांगितली जात आहेत, त्यावर गर्दीच्या वेळी आपली १४ सुद्धा धापा टाकतील. डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरवरील बॅटरीची कॅश, म्हणजे तात्पुरती स्मृती, लेखनाचे झटके थोडा वेळ झेलते, पण सततचा भार ती कमी करत नाही.

त्याच डिस्क रेड १० पद्धतीने, म्हणजे प्रत्येक मजकूर दोन डिस्कवर ठेवून, जोडल्या तर एका लेखनामागे दोनच कामे होतात आणि क्षमता ४६० पर्यंत जाते, मात्र साठवणुकीची जागा निम्मी होते. माझा आग्रह एसएसडीचा राहील, कारण तिथे फिरणारी तबकडीच नसते आणि सेकंदाला हजारो वाचने सहज होतात. मग मर्यादा रॅमवर येते. २४० मधून डेटाबेसचे ६४ वजा करून उरलेल्या १७६ पैकी पाचवा हिस्सा वाढीसाठी राखला, तर ६ जीबीची २३ यंत्रे बसतात. म्हणजे डेटाबेस धरून २४. प्रोसेसरची चिंता येथे नाही. डेटाबेसला ८ आणि इतरांना प्रत्येकी २ व्हीसीपीयू (यंत्राला दिलेले आभासी प्रोसेसर) दिले तरी ३२ कोअरवर ५४ व्हीसीपीयू होतात आणि सर्वसाधारण कामांसाठी एका कोअरमागे चारपर्यंत व्हीसीपीयू चालवण्याची रूढ पद्धत आहे.

आहे त्यापेक्षा जास्त रॅम हायपरवायझर वाटू शकतो, असे आपल्याला सांगितले जाईल आणि ते खरेही आहे. मात्र सर्व यंत्रांनी आपापली रॅम एकदम मागितली की तो काही भाग डिस्कवर ढकलतो, म्हणजे सर्वांत मंद भागावरच बोजा वाढतो. ज्यावर सभासदांचे व्यवहार चालतात, त्या डेटाबेसची रॅम तरी पूर्ण राखीव ठेवावी.

नोंदी कोणत्या वेळच्या आहेत, हेही तपासावे. आपल्या सराफ्यात दुपारी उभे राहून माणसे मोजणाऱ्याला, पेढ्या बंद झाल्यावर तिथे खाण्यासाठी जमणाऱ्या गर्दीचा अंदाज येणार नाही. सर्व्हरचेही तसेच आहे. दिवसा शांत असलेली १४ यंत्रे रात्री एकाच वेळी बॅकअप घेऊ लागली की डिस्कवरचा भार कित्येक पटींनी वाढतो. व्याज आकारणीचा दिवस धरून पूर्ण महिनाभर मोजमाप करावे आणि बॅकअपच्या वेळा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

एकच सर्व्हर घेण्याचा निर्णय मात्र कृपया बदलावा. आज एक जुना सर्व्हर बंद पडला तर एक काम थांबते. उद्या सगळी पतसंस्था थांबेल. दोन सर्व्हर आणि दोघांना दिसणारी सामायिक साठवण घेतली, तरी २४ चे ४८ होत नाहीत. एकाने मान टाकल्यावर दुसऱ्याला सर्व भार पेलता यायला हवा, म्हणून दोघांवर मिळून २४ च धरावेत.

प्रश्न : लिनक्सच्या एका व्हर्च्युअल मशीनला वेग यावा म्हणून २ ऐवजी ८ व्हीसीपीयू दिले, तर ते अधिकच मंदावले. असे का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : सर्व्हरवर आधीच गर्दी असेल, तर वाढवलेले व्हीसीपीयू खऱ्या कोअरसाठी रांगेत उभे राहतात आणि एक मागे पडला की त्याच्यावर अवलंबून असलेले बाकीचेही अडतात. त्या मशीनवर टॉप ही आज्ञा चालवून एसटी या रकान्यातील टक्केवारी पाहावी. अनेक हायपरवायझरवर यंत्राला कोअरची वाट पाहावी लागलेला वेळ तिथे दिसतो. व्हीएमवेअर या हायपरवायझरवर मात्र सीपीयू रेडी हा आकडा बघावा. तेथील २० सेकंदांच्या आलेखात एका व्हीसीपीयूमागे १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के होतात आणि त्यापुढे वापरणाऱ्याला मंदपणा जाणवू लागतो. व्हीसीपीयू पुन्हा २ करावेत आणि ते दोन्ही सतत पूर्ण वापरात दिसले, तरच तिसरा द्यावा.