वाचकांचे प्रश्न : चढाच्या गावात सायकलने कामावर

प्रश्न : मी साताऱ्यात राजवाड्याजवळ राहतो आणि औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. वय ४७ आहे. सकाळी जाताना उतार लागतो, परंतु संध्याकाळी पोवई नाक्यापासून वर येताना माझ्या साध्या सायकलवर मांड्या भरून येतात आणि गुडघे दुखतात. गिअरची सायकल घ्यावी, विजेवरची घ्यावी, की हा नादच सोडावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाद मुळीच सोडू नका. गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले असल्यामुळे दिवसभराच्या कामानंतर चढ आपल्या वाट्याला येणारच. मात्र आपली दमछाक होते ती वयापेक्षा सायकलची चेन ज्या चक्रांवरून फिरते त्यांच्या दात्यांमुळे अधिक. साध्या सायकलला बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात, म्हणजे पेडलच्या एका फेरीत ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. गिअरच्या सायकलवर पुढे २८ आणि मागे ३४ दाते घेतले, तर एका फेरीत जेमतेम पावणेदोन मीटर अंतर कापले जाते. ताशी सहा किलोमीटरच्या संथ वेगाने चढताना दुसऱ्या सायकलवर पाय मिनिटाला साठाच्या आसपास हलक्या फेऱ्या मारतात, तर आपल्या सायकलवर त्याच वेगाला वीसपेक्षाही कमी फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला सगळा भार गुडघ्यावर येतो.

नवी सायकल घेण्यापूर्वी दोन गोष्टी करून पाहा. सीट एवढी उंच करून घ्या की पेडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. सीट खाली ठेवल्यानेही गुडघे दुखतात. दुसरे म्हणजे, मागचे १८ दात्यांचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचे दातेरी चक्र, काढून २२ दात्यांचे बसवून घ्या. त्यासाठी चेनला एखादी कडी वाढवावी लागेल, पण चढावरचा जोर जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होईल. एवढे करूनही गुडघे दुखतच राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे.

विजेवरची सायकल घेण्यात कमीपणा मानू नये. मोटर २५० वॅटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर आपल्याकडे तिला नोंदणी लागत नाही. मात्र ती वजनाला जड असते आणि बॅटरी संपल्यावर तोच चढ अधिक कठीण होतो, म्हणून आपल्यासाठी मी गिअरच्या सायकलला पहिली पसंती देईन.

आपण विचारले नाही, तरी मला खरी काळजी वाटते ती सकाळच्या उताराची. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. एका पावसाळ्यात उतारावर मी दोन्ही ब्रेक घट्ट आवळूनही सायकल पुढच्या रिक्षेच्या मागच्या दिव्याला जवळजवळ टेकेपर्यंत थांबली नव्हती, आणि ते चार-पाच मीटर अजून माझ्या हातांना आठवतात. म्हणून उतार सुरू होताच दोन्ही ब्रेक हलकेच लावून सोडत राहा, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाते. वळणाच्या आधीच वेग कमी करा, आणि वळणात पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. गिअरची सायकल घ्यायचे ठरले, तर डिस्क ब्रेकची किंवा निदान ॲल्युमिनियमच्या रिमची घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी ती पोवई नाक्याहून राजवाड्यापर्यंत एकदा स्वतः चालवून पाहा.