डिफिब्रिलेटरवर दरवर्षी ४ केव्हीची टेस्ट? करू देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटं हॉस्पिटल, २ डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन), १ कॉटरी (ऑपरेशनमध्ये विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं मशीन). एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कोटेशनमध्ये 'हाय व्होल्टेज सेफ्टी टेस्ट, ४ केव्ही' (म्हणजे ४००० व्होल्ट) अशी ओळ आहे, तिचे पैसे वेगळे. ही टेस्ट दरवर्षी करावीच लागते का?

नाही. पैसे वाचतील ते वाचतील, पण मला काळजी मशीनची आहे.

४००० व्होल्टचा आकडा कोटेशन देणाऱ्याने मनाने काढलेला नाही, एवढं मान्य. आयईसी ६०६०१-१ या मानकात (आपल्याकडचं आयएस १३४५०) २३० व्होल्टची मेन्स आणि पेशंट यांच्यामध्ये इन्सुलेशनचे दोन अडसर लागतात. ते दोन्ही मिळून ४००० व्होल्ट झेलतात की नाही, हे हायपॉट (हाय व्होल्टेज) टेस्टमध्ये बघतात. पण ही टेस्ट डिझाइन तपासताना आणि कारखान्यातून माल बाहेर पडताना करायची. प्रत्येक वेळी इन्सुलेशनवर ताण पडतो. दरवर्षी केलीत तर चांगलं मशीन तुम्हीच हळूहळू कमकुवत कराल. वापरातल्या आणि दुरुस्तीनंतरच्या मशीनसाठी आयईसी ६२३५३ आहे. त्यात हायपॉट मागितलेलीच नाही. इन्सुलेशन बघायचं तर ५०० व्होल्ट डीसीवर रेझिस्टन्स मोजतात.

मग दरवर्षी बघायचं काय? सगळ्यात आधी अर्थिंग. केबलसकट ०.३ ओहमच्या आत यायला हवं. मोजताना केबल प्लगपाशी आणि मशीनपाशी वाकवून बघायला सांगा. एका नर्सिंग होममध्ये मला रीडिंग ०.१५ मिळालं, केबल जरा वळवली आणि आकडा थेट २ ओहमच्या वर. आतली हिरवी वायर दोन-तीन धाग्यांवर तग धरून होती. आणि हे झालं फक्त मशीनचं. भिंतीतल्या सॉकेटला अर्थ आहे का, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी पाणी घालतं का, हे इलेक्ट्रिशियनकडून वेगळं तपासून घ्या. थ्री-पिनची मोठी पिन कापून टू-पिनमध्ये घुसवलेला प्लगही मी पाहिलाय, तोही आयसीयूत.

मग लिकेज, म्हणजे मशीनमधून बाहेर झिरपणारा करंट. लोक पॅडलवरच्या दोन हजार व्होल्टना घाबरतात, पण तो शॉक आपण जाणूनबुजून देतो, तोही काही मिलिसेकंद. न दिसणारा धोका मेन्समधून झिरपणाऱ्या ५० हर्ट्झच्या करंटचा. धडधाकट माणसाला हाताला साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर जाणवतो; पण हृदयात कॅथेटर किंवा पेसिंग वायर असेल तर त्याच्या कितीतरी पट कमी करंटही ठोके बिघडवू शकतो. म्हणून मशीनवर चौकटीत हृदयाचं चिन्ह असेल (सीएफ), तर आयईसी ६०६०१-१ प्रमाणे पेशंट लिकेजची मर्यादा नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअँपिअर आणि एखादा दोष असताना ५०. चौकटीत माणूस (बीएफ) असेल तर हेच आकडे १०० आणि ५००.

इथेच ट्रॉलीवरचा एक्स्टेन्शन बोर्ड नडतो. साध्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि अर्थमध्ये ४.७ नॅनोफॅरॅडचा एक कपॅसिटर असला तरी २३० व्होल्टला तिथूनच सुमारे ३४० मायक्रोअँपिअर अर्थमध्ये जातात. त्याच बोर्डवर मॉनिटर, कॉम्प्युटर आणि प्रिंटर लावलात की बेरीज होते, आणि बोर्डाचा अर्थ तुटला की ती सगळी बेरीज बोर्डवर लावलेल्या मशीनच्या बॉडीवर येते. स्वतंत्र मशीन पास, ट्रॉली नापास, असं होतं ते यामुळेच.

५ केव्हीचा एक आकडाही कधीतरी तुमच्यासमोर येईल. तो वेगळा आहे: पेशंटला शॉक देताना त्याला जोडलेला मॉनिटर टिकतो का, हे ३२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ५००० व्होल्टला चार्ज करून बघतात. गणित केलंत तर बरोबर ४०० ज्यूल. हीसुद्धा डिझाइनचीच टेस्ट. तुमच्या हातात आहे ती ईसीजीची केबल. मूळ केबलमध्ये बहुधा रेझिस्टर असतात. बाजारातून रेझिस्टर नसलेली स्वस्तातली आणलीत तर मॉनिटर जाऊ शकतो, आणि छातीत पोचायचा शॉक थोडा तिकडे वळू शकतो. मानक १० टक्क्यांहून जास्त घट चालवून घेत नाही.

डिफिब्रिलेटरची एनर्जी ५० ओहमच्या लोडवर मोजतात, फरक १५ टक्के किंवा ३ ज्यूल, यातला जो जास्त असेल तो चालतो. एकदा बॅटरीवर, एकदा मेन्सवर घ्या. झाकण मात्र तुमच्या माणसाला उघडू देऊ नका. स्विच बंद केला तरी आतला कपॅसिटर रिकामा झालाय असं समजायचं नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे वीर मला माहीत आहेत.

कॉटरीत हाय फ्रिक्वेन्सीचा लिकेज (२०० ओहमवर १५० मिलिअँपिअरपर्यंत) आणि पेशंट प्लेट (करंट परत नेणारा, अंगाला चिकटवलेला पॅड) सुटल्यावर अलार्म वाजतो का, या दोन गोष्टी आधी.

तेव्हा कोटेशनमधली ती ओळ खोडा आणि तिथे लिहून घ्या: 'आयईसी ६२३५३ प्रमाणे अर्थ, लिकेज आणि कार्यचाचणी, प्रत्येक रीडिंग आकड्यात, अॅनालायझरच्या (मोजणाऱ्या यंत्राच्या) चालू कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसह.' नुसतं 'पास' लिहिलेला रिपोर्ट परत करा. मशीनची मॉडेल टाकलीत तर मर्यादांचा तक्ता बनवून देतो.