प्रतीक आहे, की प्रतीक मानतात?

एका वाचकाने विचारले आहे: वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनावर, मराठीत लिहिताना "आवारातले रस्ते वरून घुबडासारखे दिसतात, ते तिथल्या पहिल्या राष्ट्रीयीकृत बँकेचे प्रतीक आहे" असे वाक्य आले. इथे 'प्रतीक' बरोबर, की 'चिन्ह', की 'संकेत'?

माझ्या मते तिन्ही नकोत. आणि 'राष्ट्रीयीकृत' तर मुळीच नको.

संस्कृतात प्रतीक म्हणजे समोर येणारी बाजू, मुख, अवयव. मंत्राचे पहिले एक-दोन शब्द उद्धृत करतात, त्यांनाही प्रतीक म्हणतात. 'अग्निमीळे' एवढे म्हटले की पुढची ऋचा आलीच, कारण सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ती ठाऊक असते. संकेत दोघांत ठरतो, खूण कुणीतरी करून ठेवतो, चिन्ह ओळख पटावी म्हणून दिलेले असते. या सगळ्या शब्दांना कर्ता लागतो. प्राचीन अथेन्सच्या नाण्यांवर घुबड आहे, ते अथीना देवीचा पक्षी म्हणून मुद्दाम छापलेले. त्याला खुशाल प्रतीक म्हणा.

कॅपिटॉलचे आवार आखायचे काम १८७४ साली फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडकडे आले. शहरातले २१ रस्ते आवाराला येऊन भिडत होते, आणि पायी व गाडीने आत शिरायच्या वाटा मिळून ४६. त्या सगळ्या जुळवायच्या, वर इमारत झाडांआड जाऊ द्यायची नाही, म्हणून त्याने वाटा वळवल्या. डावी-उजवीकडे सारखी वळणे आली की माणसाच्या डोळ्याला त्यात तोंडवळा दिसतोच. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: भास. 'घुबडाचा भास होतो' म्हणावे.

भास हलका शब्द आहे असे मात्र समजू नये. डोंगरातल्या दगडात कुणाला गणपती दिसतो, शेंदूर लागतो, गाव पूजा करू लागते आणि तो देव स्वयंभू ठरतो. घडवणारा कुणीच नाही, तरी मानणाऱ्यांनी अर्थ दिला. म्हणून मराठीत 'प्रतीक आहे' आणि 'प्रतीक मानतात' यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात आखणाऱ्याच्या हेतूची ग्वाही लेखक देतो, दुसऱ्यात फक्त लोकांची समजूत सांगतो. तुमच्या वाक्यात दुसरेच हवे.

आता बँक. 'ईकृत' म्हणजे आधी तसे नव्हते, मग केले. १९६९ साली आपल्याकडे १४ खासगी बँका सरकारने ताब्यात घेतल्या, बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच, त्या राष्ट्रीयीकृत. फिलाडेल्फियातली १७९१ची बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स तशी कधीच झाली नाही. एक कोटी डॉलरच्या भागभांडवलात सरकारचा वाटा फक्त पाचवा, बाकी खासगी भागधारकांचा. तिला २० वर्षांची सनद होती. १८११ साली मुदतवाढीवर सिनेटमध्ये १७ विरुद्ध १७ मते पडली आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनने निर्णायक मत विरोधात दिले. १८१६च्या दुसऱ्या बँकेची सनदही १८३६मध्ये संपली. ओल्मस्टेडने आवार हाती घेतले तेव्हा त्यालाही ३८ वर्षे लोटली होती.

'राष्ट्रीय बँक'ही जपून वापरा. १८६३च्या कायद्यानंतर अमेरिकेत नॅशनल बँक म्हणजे संघ सरकारची सनद असलेली खासगी बँक. मला 'सनदी बँक' आवडते. सनदी लेखापाल आपण रोज म्हणतोच, आणि इनामाच्या सनदांमुळे हा शब्द आपल्या दप्तरांत कधीचा रुळलेला आहे.

मग वाक्य असे होईल: "आवारातल्या वाटा वरून पाहिल्या की घुबडाचा भास होतो, काही जण त्याला जुन्या सनदी बँकेचे प्रतीक मानतात."