दिवाळीच्या मुळा

प्रश्न : बाई, दर महिन्याला तुम्ही आम्हाला राग-ताल समजावून सांगता, पण सध्या तुम्ही स्वतः काय ऐकता ते कधी लिहिलं नाहीत. विचारायचं कारण असं, की मी पहाटे चारला उठून डब्यांच्या पोळ्या करते आणि महिनाभर ‘केव्हातरी पहाटे’ एवढं एकच गाणं लावते. घरातले कंटाळलेत. एकच गाणं माणसाला असं का धरून ठेवतं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी तुमच्या गाण्याचं बोलू. सुरेश भटांची ही गझल, हृदयनाथांची चाल आणि आशाबाईंचा आवाज. ‘रात गेली’ हा तिचा रदीफ, म्हणजे प्रत्येक शेराच्या, दोन ओळींच्या जोडीच्या, शेवटी तेच शब्द फिरून येतात. त्याआधीचा काफिया, यमकाचा शब्द, मात्र बदलतो : उलटून, हरवून... गझलेतला प्रत्येक शेर आपल्यापुरता पुरा असतो. म्हणून सोमवारी एक शेर मनात राहतो, गुरुवारी दुसराच. तुम्ही एकच गाणं ऐकता असं घरच्यांना वाटतं, पण लाटणं कोणत्या शेराला थांबतं तेवढं बघा. रोज तोच असेल असं मला वाटत नाही.

आता माझं. श्रावणापासून मी ‘भेटीलागी जीवा लागलीसे आस’ ऐकते आहे. तुकोबांचा अभंग, खळेकाकांची (श्रीनिवास खळे) चाल, लताबाईंचा आवाज. क्लासमध्ये तो मी कितीतरी मुलींना शिकवला. पण यंदा त्यातली एक ओळ ऐकली की पेटीचा भाता हलवणारा हात थांबतो.

‘दिवाळीच्या मुळा लेकी आसावली । पाहतसे वाटुली पंढरीची ॥’

शाळेच्या स्नेहसंमेलनात बारा वर्षांची असताना मी हे गायले, तेव्हा ‘मूळ’ म्हणजे झाडाचं मूळ असंच समजत होते. घरी आल्यावर आजीनं जवळ बसवून सांगितलं : सासरी गेलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो, त्याला मूळ येणं म्हणतात. तिच्या वेळी भाऊ बैलगाडी घेऊन यायचा, त्याला मुऱ्हाळी म्हणायचे. आजी हे सांगताना चुलीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

माझं माहेर पंढरपूर, सासर मिरज. 1978 साली लग्न झालं आणि पहिल्याच दिवाळीला दादा मला न्यायला यायचा होता. तुमच्या बार्शीच्या नावाची ती छोटी गाडी तेव्हा लातूरहून कुर्डुवाडी, पंढरपूर करत मिरजेपर्यंत यायची. अडीच फुटी रुळांवरची, बार्शी लाईट. आता ब्रॉडगेज झाली, पण माझ्या डोक्यातली पंढरीची वाट अजून तेवढीच अरुंद आहे. वसुबारसेला दुपारपासून मी पिशवी भरून बसले होते. संध्याकाळची गाडी गेली तरी दादा नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझं ताट वाढून झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा, हातात चुरमुऱ्याची पिशवी, आणि ‘गाडी चुकली गं’ एवढंच बोलला. त्या रात्री मला अभंग कळला. तुकोबा विठ्ठलाला सांगतायत, चंद्राची वाट बघणाऱ्या चकोरासारखं, आईवाचून भुकेल्या लेकरासारखं मला झालंय. त्या दोघांच्या मधोमध त्यांनी माझ्यासारखी एक पिशवी भरून बसलेली पोर ठेवली आहे. ‘कन्या सासुऱ्यासी जाये’ मध्येही तीच पोर आहे, मागे वळून पाहणारी. तोही लताबाईंनी खळेकाकांकडेच गायलाय. दोन्ही एकापाठोपाठ ऐका, पण घरात एकट्या असाल तेव्हा.

गेल्या आषाढात दादा गेला. आता मूळ येणार नाही. मी सत्तरीला आले, माहेरी जायला कुणी न्यावं लागतं असंही नाही, रेल्वेचं तिकीट मोबाईलवर मिळतं. तरी वसुबारस जवळ आली तसं मी रोज संध्याकाळी हाच अभंग लावते. ज्या तंबोऱ्यावर मी शिकवते तो आमच्या इथल्या सतारमेकर गल्लीतला, आणि त्याचा भोपळा पंढरपूरकडच्या भीमाकाठचा. तो छेडला की माहेरचं काहीतरी घरात आहे असं वाटतं. एवढं पुरतं.

दुसरं गाणं वाचून तुम्हाला नवल वाटेल : ‘गुलाबी साडी’. 2024 साली आलं, संजू राठोडचं. लग्नाच्या वरातीत लागतं म्हणून काहीजण नाक मुरडतात, मी नाही मुरडत. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या काकू शिरोळ तालुक्यातल्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 4 मे 2022 ला ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. काकूंना ठराव माहीत होता. पण ठराव कागदावर असतो आणि कपाट घरात. यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी त्यांना बोलावलं. आंब्याची डाळ, पन्हं, सगळं त्यांच्याच हातचं, पण त्यांना पाटावर बसवायचं असं मी ठरवलं होतं. काकू आल्या त्या गुलाबी साडीत. लेकीच्या लग्नात आहेर आलेली, घडी न मोडलेली. शेजारच्या मुलींनी बघितलं आणि कुणीतरी मोबाईलवर हेच गाणं लावलं. काकू आधी लाजल्या, मग पदर खोचून दोन फेऱ्या नाचल्या. मी कुंकू लावलं तेव्हा त्यांचं कपाळ घामानं ओलं होतं.

त्या गाण्यात ताना नाहीत, अवघड जागा नाहीत. मला ते प्राणापलीकडे आवडतं.

काकूंना ते आता पेटीवर शिकायचंय. त्यांचा आवाज जाड आहे, पेटीच्या पांढरी चार या पट्टीत नीट बसतो. बुधवारी दुपारी पोळ्या झाल्या की आम्ही बसतो. पहिली ओळ आली आहे.